आबालाल रहिमान : कोल्हापूरचे चित्रगुरू

मराठी मुसलमानांच्या सांस्कृतिक इतिहासाचा शोध घेताना आपली नजर आधी साहित्याकडे वळते. संतकवी शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंतची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून ही नावे आपल्या लेखनात वारंवार येत राहिली. चित्रकलेचा विषय निघाला की मात्र पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या नावावर आपली यादी संपते. या यादीत हुसेन यांच्या कितीतरी आधी ज्यांचे नाव यायला हवे, ते म्हणजे कोल्हापूरचे आबालाल रहिमान.

आबालालांचा जन्म १८६० च्या आसपासचा. त्यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती सुलेखनाने तयार करण्याची परंपरा होती, असे त्यांचे चरित्र सांगणारे नोंदवतात. चित्रकला आपल्या समाजाची नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. चित्रशैलीला आपल्याकडे ‘कलम’च म्हणतात, मुघल कलम, दखनी कलम हे शब्दप्रयोग सर्वांना ठाऊक आहेत. ज्या विजापूरच्या अमलाखाली पन्हाळ्याचा हा मुलूख होता, तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५८०-१६२७) चित्रकला आणि संगीत दोन्ही बहरले होते. अक्षराच्या वळणावर जपलेला हात रेषेकडे वळावा, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आबालाल मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे प्राचार्य तेव्हा जॉन ग्रिफिथ्स होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, शरीररचना, यथार्थदर्शन अशी शिस्त तेथे होती. ही परकी शिस्त आबालालांनी इतकी आत्मसात केली, की त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने शाळेने नमुना म्हणून जपून ठेवली. पुढच्या विद्यार्थ्यांना काम कसे असावे हे दाखवायला कोल्हापूरच्या एका मुसलमान तरुणाचे कागद पुढे केले जात. त्यांचे शिक्षकपण येथूनच सुरू झाले, असे म्हणता येईल.

मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना शक्य होते. ते कोल्हापूरला परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांकडे संस्थानचा अधिकार आला. मल्लांप्रमाणेच गवई, नट आणि चित्रकारांनाही महाराजांचा आश्रय होता. मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये स्वतः पुढाकार घेणाऱ्या या राजाने आबालालांना दरबारी चित्रकार म्हणून जवळ केले.

दरबारी चित्रकार म्हटले की भरजरी पोशाखातली व्यक्तिचित्रे आठवतात. आबालालांचे मन मात्र रमले पाण्याकाठी. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हे त्यांचे आवडते विषय. रंकाळ्यातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा उघडा पडतो. त्याच संध्यामठाचे त्यांनी केलेले चित्र रसिकांच्या विशेष स्मरणात आहे. एकाच जागेवर सकाळचा प्रकाश निराळा आणि कलत्या उन्हाचा निराळा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले आणि जलरंगात पकडले. त्यामुळे काही समीक्षकांना त्यांच्या चित्रांत फ्रान्समधल्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांशी साम्य दिसते. आबालालांना ही दृष्टी पॅरिसमध्ये जाऊन मिळवावी लागली नाही. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस उभा राहण्याआधीचा, मोकळ्या काठाचा रंकाळा आज आपल्याला पाहायचा असेल, तर आबालालांच्या चित्रांकडेच जावे लागते.

आबालालांनी शाळा काढली नाही, वर्ग भरवले नाहीत. तरीही कोल्हापूरच्या पुढच्या पिढीने त्यांना गुरुस्थानी मानले. त्यांचा आदर करणारे बाबूराव पेंटर हे कोणत्याही कला शाळेत गेलेले नव्हते. अशा कारागीर घरांतून आलेल्या मुलांना मुंबईची विद्या कोठे दिसणार? ती गावातच, तळ्याच्या काठावर कागद घेऊन बसलेली दिसत होती. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. त्याच कंपनीत वाढलेल्या शेख फत्तेलाल यांनी विष्णुपंत दामले यांच्यासह १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. संध्यामठ रंगवणारा मुसलमान आणि तुकाराम पडद्यावर आणणारा मुसलमान, दोघेही एकाच मातीतले. ‘कलापूर’ या नावामागे ही साखळी आहे.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी कथा कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण तिने त्यांच्या चित्रांपेक्षा अधिक प्रसिद्धी मिळवली, ही खेदाची गोष्ट आहे. विरक्त, अवलिया, वेडा कलावंत असे म्हटले की समाजाची जबाबदारी संपते! आश्रयदाता गेल्यावर चित्रे जपायची कोणी, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. १९३१ मध्ये आबालाल गेले, तेव्हा संस्थानी आश्रयाचा काळ मागे पडला होता आणि कलावंताचे काम सांभाळणारी नवी व्यवस्था उभी राहिली नव्हती.

त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसे रंकाळ्यावर फिरून परत जातात. संग्रहालयाकडे वळणारी थोडीच. आपल्या बोर्डिंगांतल्या, मदरशांतल्या आणि उर्दू-मराठी शाळांतल्या मुलांना सहलीच्या दिवशी तेथे नेणे काही अवघड नाही. त्यांनी आधी संध्यामठ पाहावा आणि मग आबालालांची चित्रे पाहावीत. या मातीवर आपला हक्क आहे हे भाषणांतून आपण पुष्कळ सांगितले. आबालालांनी ते आयुष्यभर एकाच गावाचे पाणी रंगवून दाखवले.