कॉलेजच्या मेसचा कचरा: खत, गॅस की शेतकऱ्याच्या माथी काचा? सगळं बादलीत ठरतं

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, ताथवडे आणि पुढे तळेगाव, आळंदीपर्यंत कॉलेजं आणि होस्टेलं वाढली आहेत. हजार ताटं उठणाऱ्या मेसमध्ये ताटामागे शंभर ग्रॅम जरी उष्टं राहिलं, तरी एका जेवणाला शंभर किलो अन्न वाया जातं. भाजीची देठं, कांद्याची सालं, नासलेलं दूध वेगळंच. हा माल जातो कुठे, याचा संबंध खेड, मावळ, मुळशीतल्या शेतकऱ्याशीही आहे. कारण कंपोस्टची ट्रॉली शेवटी त्याच्याच बांधावर येऊन उभी राहते.

नियम काय सांगतो
घनकचरा व्यवस्थापनाचे नियम एप्रिल 2016 मध्ये आले. दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना त्यांनी मोठे कचरा उत्पादक ठरवलं. त्यात विद्यापीठं, कॉलेजं आणि होस्टेलं नावानिशी होती. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, म्हणजे त्याचं खत किंवा गॅस करावा, असं त्या नियमांत होतं. महापालिकेचा डेपो मोशीला आहे. तिथे कचऱ्यापासून वीज करणारा 14 मेगावॅटचा प्रकल्प ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाला. पण ओलं अन्न म्हणजे बहुतेक पाणीच. ते जाळायला सोपं नाही. शिवाय गाडीत भरून मोशीपर्यंत नेताना डिझेल जळतं आणि वाटभर पाणी गळतं ते वेगळं.

आधी उष्टं कमी करा
सगळ्यात स्वस्त उपाय हाच. उष्ट्याची बादली रोज वजन करायची आणि आकडा मेसच्या फळ्यावर लिहायचा. भात पहिल्यांदा कमी वाढायचा, लागला तर पुन्हा द्यायचा. परीक्षा, सुट्टी, सणाच्या दिवशी किती मुलं जेवणार हे आदल्या दिवशी विचारायचं. भांड्यात उरलेलं, हात न लागलेलं अन्न गरम असतानाच माणसांच्या पोटात जाईल अशी सोय करायची. ताटातलं खरकटं मात्र कुणाला द्यायचं नाही.

जनावरांना घालताना जपून
मेसचं शिळं अन्न फुकट मिळतं म्हणून गोठ्यावर आणलं जातं. चार चपात्यांनी काही होत नाही. पण पाटीभर भात, चपात्या, गोड पदार्थ एकदम घातले तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतं, पोट फुगतं. डॉक्टर वेळेत आला नाही तर जनावर दगावतं. त्यात टूथपिक, प्लॅस्टिकची पिशवी, सॉसची पुडी असेल तर आणखी घात. दुभत्या जनावरासाठी हा मार्ग धरूच नये.

खत कसं जमतं
नुसतं अन्न ढिगाला टाकलं की ते सडतं, वास मारतं, माश्या धरतात. त्याला कोरडा पाला लागतो. कॅम्पसवर झाडं भरपूर असतात, त्यांचा पाला जाळायचा नाही, साठवायचा. एक पाटी अन्नाला एक ते दोन पाट्या पाला, असं मिसळायचं. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापला की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मधूनमधून पालटत राहिलं की दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. त्याला मातीचा वास आला पाहिजे. आंबूस वास असेल तर ते अजून कच्चं आहे, पिकाला टाकायचं नाही.

गॅसचा हिशेब
एक टन अन्नकचऱ्यातून साधारण 60 ते 100 घनमीटर बायोगॅस निघतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास 450 ग्रॅम एलपीजी. म्हणजे रोज शंभर किलो कचरा टाकणाऱ्या मेसला, संयंत्र नीट चाललं तर, पाच-सात दिवसांत 19 किलोच्या एका सिलिंडरएवढा गॅस मिळतो.

यातलं तंत्र महाराष्ट्रातच उभं राहिलंय. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ संयंत्र बनवलं. त्यात अन्न दळून, गरम पाणी घालून आधी हवेत कुजवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचं छोटं घरगुती संयंत्र तयार केलं. त्याला 2006 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण संयंत्र जिवंत असतं. सुरुवातीला त्यात शेण घालावं लागतं. एकदम जास्त अन्न टाकलं की ते आंबतं आणि गॅस थांबतो. लिंबाच्या साली, हाडं, अंड्याची टरफलं, तेल टाकायचं नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात होस्टेल रिकामं होतं, तेव्हा संयंत्र उपाशी पडतं. त्या दिवसांत शेजारच्या गावाचं शेण आणावं आणि बदल्यात शेतकऱ्याला स्लरी द्यावी. चाकण भागातल्या कांदा-बटाट्याला ती उपयोगी पडेल.

वासाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते बाणेरला दिसलं. पुण्याचा ओला कचरा घेणाऱ्या तिथल्या प्रकल्पाविरुद्ध रहिवासी हरित लवादात गेले. 2020 मध्ये तो हलवण्याचा आदेश झाला. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, पण मधली वर्षं कोर्टातच गेली.

लॅबचा कचरा वेगळाच
पिंपरीतलं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ घ्या. मेडिकल, डेंटल, नर्सिंग आणि मोठं हॉस्पिटल, ताथवड्याला बायोटेक्नॉलॉजीची संस्था. अशा कॅम्पसवर मेसची बादली आणि लॅबची बादली, दोन्ही असतात. त्या दोघींनी कधी भेटायचं नाही.

यासाठी मार्च 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव, प्रयोगातली मेलेली जनावरं, रक्ताचा कापूस. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे, सुईविना सिरिंज. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच. जंतू वाढवलेल्या डिश आणि रक्ताचे नमुने आधी तिथेच निर्जंतुक करायचे. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश, 15 पौंड दाब आणि किमान एक तास. अवयव, जनावरं, रक्ताळलेला माल प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो अधिकृत केंद्राकडेच द्यायचा.

ट्रॉली रिकामी करण्याआधी
चूक कॅम्पसवर होते, पण सुई आधी टोचते सफाई कामगाराच्या हातात. तिथून सुटली तर खुरपायला बसलेल्या बाईच्या पायात. म्हणून फुकट कंपोस्ट घेणाऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात. हे खत फक्त मेस आणि पाल्याचं आहे का? हॉस्पिटल किंवा लॅबचा कचरा कुठल्या केंद्राकडे जातो? ढीग किती दिवस कुजला? चाळणी मारली का? मग दोन घमेली ताडपत्रीवर पसरून बघावीत. काच, सुई, हातमोज्याचा एक तुकडा जरी दिसला, तरी ट्रॉली परत पाठवावी. फुकट खत एका हंगामाचं असतं. रानात गेलेली काच नांगराला वर्षानुवर्षं सापडत राहते.