सुश्रुतसंहितेतील दंतोद्धरण व पथ्यविचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वीस शस्त्रे गणिली असून त्यांत दंतशंकूचा समावेश आहे. त्याचे कार्य ‘आहरण’ असे सांगितले आहे. एवढ्यावरून दंतोद्धरण त्या काळी सर्रास होत असे, असे अनुमान करणे धाडसाचे ठरेल. चिकित्सास्थानाचा बाविसावा अध्याय वेगळीच वृत्ती दर्शवितो.

किडलेला दात हलू लागला असल्यास तो काढून त्या जागी डाग द्यावा, असे तेथे विधान आहे. वरचा दात मात्र हलत असला तरी वैद्याने काढू नये. कारण अतिरक्तस्रावाने रोगी काणा होतो व त्यास अर्दित, म्हणजे तोंड वाकडे होण्याचा रोग, जडतो. ही कार्यकारणपरंपरा आधुनिक शारीरशास्त्रास मान्य नाही. तथापि रक्तस्तंभनाच्या संधान, स्कंदन, पाचन व दहन या चार उपायांत दहन हा अखेरचा मानणाऱ्या ग्रंथाने येथे प्रारंभीच त्याचा अवलंब करावा, हे सूचक आहे. त्यामागे कृमिनाशाचा हेतूही असू शकेल. परंतु स्रावाचे भय निषेधाच्या शब्दांतच स्पष्ट आहे.

पुढे विदारी, ज्येष्ठमध, शिंगाडा व कसेरू यांसह दसपट दुधात सिद्ध केलेल्या तेलाचे नस्य सांगितले आहे. दंतरोग्यास आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, कठीण पदार्थ व दंतधावन वर्ज्य आहे. दात काढल्यावर खळगीतील रक्ताची गुठळी सुटू नये म्हणून कठीण पदार्थ आजही टाळले जातात. थंड पदार्थांस मात्र आज मज्जाव नाही. तेव्हा हे साम्य अनुभवाचे आहे, सिद्धांताचे नव्हे. प्राचीन शल्यतंत्राचे मोल ठरविताना हा भेद नजरेआड होता कामा नये.