अंगालगतची लोकर : शिकारी, मेंढी आणि डॉक्टर येगर

मागच्या व्याख्यानानंतर न्यूझीलंडहून एका श्रोत्याचं पत्र आलं. गृहस्थ मूळचे सातारकडचे, आता क्राइस्टचर्चला नोकरीला आहेत. कचेरीतले मित्र त्यांना एप्रिलात हरणांच्या शिकारीसाठी डोंगरात नेणार आहेत. कपडे घ्यायला दुकानात गेले, तर मेरिनो लोकरीच्या आतल्या बनियनी, तीन-तीन जाडीच्या, आणि किंमत पाहून छाती दडपली. त्यांनी आम्हांला विचारलंय, की सर, अंगाला टोचणारी लोकर माणसं अंगालगत का घालतात, आणि घ्यायचीच तर कुठली घ्यावी? (हशा)

हसू नका. तत्त्वज्ञानाच्या माणसाला बनियन विचारली, म्हणून आम्हीही आधी हसलो. पण वाचायला बसलो, आणि आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवावा लागला. कारण या बनियनीमागे सातशे-साडेसातशे वर्षांचा इतिहास आहे. आणि एक प्रश्न आहे, जो आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला : चुकीच्या कारणाने बरोबर निष्कर्षाला पोचलेल्या माणसाला 'कळलं होतं' असं म्हणायचं का?

सुरुवात आपल्या घोंगडीपासून करू. धनगराच्या मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, खड्डामागावरचं विणकाम. पाऊस-वारा झेलायला त्यासारखं वस्त्र नाही. पण घोंगडी आपण अंगावरून घेतो, आत सदरा असतो. उघड्या अंगाला ती टोचते. का टोचते? तंतूच्या जाडीमुळे. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड असला, की त्याचं टोक त्वचेवर वाकत नाही, रुततं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दख्खनी मेंढीच्या लोकरीत असे जाड तंतू भरपूर. मेरिनोचा तंतू चांगल्या बनियनीत 17 ते 19 मायक्रॉनचा असतो. तो त्वचेला लागताच वाकतो. पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच संपलं.

ही बारीक लोकर स्पेनची. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने 1273 मध्ये मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. त्या संघाचं नाव मेस्ता. उन्हाळ्यात उत्तरेचे डोंगर, हिवाळ्यात दक्षिणेची कुरणं, अशी मेंढरांची वारी शेकडो मैल चाले, आणि तिच्या वाटा शेतकऱ्याने नांगरायच्या नाहीत असा कायदा होता. आपल्याकडे धनगर पावसाळा सरला की कोकणात उतरतात, शेतकरी त्यांना लेंडीखतासाठी शेतात बसवून घेतो. तिथे मात्र मेंढपाळ आणि शेतकरी यांचं शतकानुशतकं भांडण झालं, कारण राजाला लोकरीवरचा कर हवा होता. जिवंत मेरिनो देशाबाहेर न्यायला मनाई होती. मेस्ता 1836 मध्ये बरखास्त झाली, पण तोवर मेंढी केव्हाच निसटली होती. आणि ती चोरांनी नाही, राजांनीच बाहेर दिली! 1765 मध्ये स्पेनच्या राजाने सॅक्सनीच्या राजघराण्याला कळप भेट दिला. 1786 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईने रांबुइए इथे कळप आणवला. हॉलंडच्या राजघराण्याकडून काही मेंढ्या आफ्रिकेच्या टोकाला, केपला गेल्या, आणि तिथून 1797 मध्ये सिडनीला. पुढे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची कोरडी, उंच कुरणं तिला मानवली. पाहुणचारात दिलेल्या वस्तूने यजमानाचा धंदा बुडवला, असं इतिहासात फार वेळा घडतं.

आता मुख्य पात्र. गुस्टाव्ह येगर, जन्म 1832, जर्मनीतला प्राणिशास्त्रज्ञ. 'येगर' या जर्मन शब्दाचा अर्थच शिकारी. योगायोग आहे, पण आम्हांला तो सोडवेना. हा डार्विनचा खंदा पुरस्कर्ता, विद्वान माणूस. आणि याने जाहीर केलं, की मला आत्मा सापडला. कुठे? वासात. प्रत्येक प्राण्याच्या अंगातून जे गंधद्रव्य निघतं तेच त्याचं आत्मतत्त्व; आनंदाचा गंध वेगळा, भीतीचा वेगळा. भीतीचा गंध शरीराला घातक, तो बाहेर गेला पाहिजे. कापूस, ताग ही मेलेल्या वनस्पतींची वस्त्रं, ती हा घातक गंध धरून ठेवतात. प्राण्याची लोकर तो बाहेर जाऊ देते. म्हणून माणसाने आपादमस्तक लोकर घालावी, अंथरूण-पांघरूणसुद्धा लोकरीचं. 1880 मध्ये त्याचं यावर पुस्तक आलं, 1884 मध्ये लंडनला त्याच्या नावाने दुकान निघालं, आणि बर्नार्ड शॉ त्या लोकरी पोषाखात लंडनभर फिरू लागले.

हा सिद्धान्त चूक आहे. अर्धामुर्धा नाही, साफ चूक. पण त्याचे कपडे घालून माणसं ध्रुवाकडे गेली, आणि त्यांना ते उपयोगी पडले. मग खरं कारण काय?

लोकरीचा तंतू बाहेरून पाण्याला झिडकारतो, पण घामाची वाफ मात्र आत ओढतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल तो पोटात घेतो, आणि तरी हाताला ओला लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही घेत नाही. शिवाय ओल शोषताना लोकर थोडी उष्णता सोडते. चढ चढून घामाघूम झालेला माणूस वाऱ्यावर बसला, की नेमक्या त्या घटकेला ही ऊब कामाला येते. सुती बनियन उलट पाणी पिऊन अंगाला चिकटते आणि अंगातली उष्णता खेचत राहते. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं, की माणूस आधी थरथरतो, मग बरळतो, मग त्याला काहीच वाटेनासं होतं. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाच-सात अंशांचा पाऊस, वारा आणि भिजलेलं सुती कापड पुरतं. आमच्या श्रोत्यांना हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो आहोत, कारण आपण सुताचे लोक. सह्याद्रीत भिजलो तर घरी येऊन चहा घेतो; तिकडच्या डोंगरात ते चालत नाही.

आणि वास? इथे गंमत आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वापरलेल्या कपड्यांचे वास माणसांकडून हुंगवून तपासले गेले. पॉलिएस्टरला वास सर्वांत जास्त, लोकरीला सर्वांत कमी. पण लोकरीतले जंतू काही मेलेले नव्हते! म्हणजे लोकर जंतू मारते हा विक्रेत्याचा दावा ढिला पडतो. लोकर वास बाहेर सोडत नाही, आत धरून ठेवते, इतकंच. येगर म्हणाला होता, की लोकर वासाला वाट देते. प्रत्यक्षात ती त्याला कोंडून ठेवते. निष्कर्ष बरोबर, कारण नेमकं उलटं. आम्ही वर्गात अशा उदाहरणांसाठी बंद पडलेली घड्याळं वगैरे वापरायचो. हे तेव्हा हाती लागलं असतं तर बरं झालं असतं.

लोकरीचे दोषही इतिहासाने नोंदले आहेत. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात चेरी-गॅरार्ड आणि त्याचे दोन साथी पेंग्विनची अंडी आणायला निघाले. स्लेज ओढताना घाम येई, तो कपड्यांत मुरे, आणि वाळवायला सोय नाही. एके सकाळी तो तंबूबाहेर आला, मान वर करून पाहिलं, आणि कपडे तसेच गोठले. पुढचे काही तास मान वर तशीच ठेवून त्याला गाडी ओढावी लागली. लोकर ओल घेते ती कुठेतरी सोडावीही लागते. याउलट मॅलरी. 1924 मध्ये एव्हरेस्टवर गेला, 1999 मध्ये देह सापडला. अंगावर रेशीम, सूत, लोकर यांचे पातळ थर आणि वरून गॅबर्डिन. 2006 मध्ये ग्रॅहम हॉयलंड यांनी त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल घालून एव्हरेस्टवर चाचणी घेतली. कपडे हलके, उबदार, वावरायला मोकळे निघाले. 'बिचारे ट्वीडचा कोट घालून गेले' असं जे आपण ऐकत आलो, ते खरं नव्हतं.

आता हरणांकडे येऊ. न्यूझीलंडमध्ये मुळात जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. खुराचा प्राणी एकही नाही. तांबडी हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेऊन सोडली. 1904 मध्ये बेडफर्डच्या ड्यूकने ताहर पाठवले, म्हणजे आपल्या हिमालयातले रानबोकड. शिकारीची हौस म्हणून आणलेले हे प्राणी इतके माजले, की डोंगर बोडके होऊ लागले, आणि 1930 च्या सुमारास सरकारने त्यांचं संरक्षण काढून पगारी शिकारी नेमले. हे लोक महिनोन् महिने रानात राहत, नद्या ओलांडत, पावसात निजत. त्यांचा वेष लोकरीचा, न्यू प्लिमथच्या विल्यम ब्रूमने 1913 मध्ये नाव नोंदवलेला स्वानड्राय हा जाड लोकरी अंगरखा त्यात आलाच. भारतात ताहरला कायद्याने अभय, तिथे त्याला मारणं हे जंगलरक्षण. आम्ही स्वतः शिकारीच्या बाजूचे नाही. पण 1972 च्या आपल्या कायद्याचा चष्मा लावून त्या डोंगराकडे पाहू नये, इतकं या पत्राने आम्हांला शिकवलं.

1970 च्या दशकात नॉर्वेच्या हेली हॅन्सेनने पॉलिप्रॉपिलिनच्या आतल्या बनियनी आणल्या. हलक्या, स्वस्त, झटकन वाळणाऱ्या. लोकर मागे पडली. दोनच तक्रारी : तिसऱ्या दिवशी सहन न होणारा वास, आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळणं. तिकडे ऑस्ट्रेलियात सरकारमान्य आधारभूत किमतीवर लोकर खरेदी चालू राहिली, गोदामं भरली, आणि 1991 च्या फेब्रुवारीत चाळीस लाखांहून अधिक गाठी पडून असताना ती योजना कोसळली. आपल्याकडची कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. भाव पडल्यावर मेंढपाळांनी नवं गिऱ्हाईक शोधलं. न्यूझीलंडची आइसब्रेकर, अमेरिकेची स्मार्टवूल या कंपन्या त्याच दशकातल्या. येगरची बनियन शंभर वर्षांनी परत आली, आत्मा वगळून.

आता सातारकरांना उत्तर. आकडे लिहिलेले असतात ते चौरस मीटरला ग्रॅम. 150 ची चढताना, 250 ची एका जागी दबा धरून बसताना. एकच घ्यायची तर 200 च्या आसपासची घ्या. दोन घेता आल्या तर दुसरी जाड नको, तशीच घ्या, आणि ती कोरडी, पिशवीत बांधून ठेवा, फक्त रात्री घालायला. चेरी-गॅरार्डची मान आठवा. अंगाला बेताची बसेल अशी घ्या. ढगळ असली तर घाम टिपणार नाही. खांद्यावरची शिवण सॅकच्या पट्ट्याखाली येत नाही ना, ते दुकानातच सॅक पाठीला लावून बघा. अगदी तलम लोकरीला लवकर भोकं पडतात, म्हणून थोडा नायलॉन मिसळलेली असली तर नाक मुरडू नका. यंत्रात धुता येणारी लोकर बहुधा क्लोरीनची प्रक्रिया करून, वर रेझिनचा लेप दिलेली असते. 'शंभर टक्के निसर्ग' या पाटीला तेवढी सूट द्या. चढताना थंडी वाजेल इतके कमी कपडे घाला, थांबलात की वरचा थर चढवा. तिथली मंडळी लांब विजारीवर अर्धी चड्डी घालतात, त्याला हसू नका, ओल्या गवतात त्याचा उपयोग आहे. लोकर सळसळत नाही, हा शिकाऱ्याचा खरा फायदा. वासाचं म्हणाल तर लोकरीवर भिस्त ठेवू नका. वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर कुठलीही बनियन त्याला फसवणार नाही.

आणि लेबलावर मेंढीची हकीगत वाचा. ऑस्ट्रेलियात मेरिनोच्या अंगाला सुरकुत्या वाढाव्यात म्हणून माणसांनी निवड केली. जास्त कातडी, जास्त लोकर. त्या घड्यांत माशी अंडी घालते, अळ्या जिवंत मेंढी खातात. त्यावर उपाय म्हणून शेपटीखालची कातडी कापून काढायची पद्धत पडली, तिला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने 2018 मध्ये ती बंद केली. जी बनियन तिच्याविना झाली, तिच्यावर बहुधा तसं लिहिलेलं असतं. आपण व्याधी पैदा केली आणि मग तिच्यावर सुरी चालवली. शिकाऱ्याला नावं ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कपाटातही ही लोकर असते.

शेवटी एक गोष्ट. 2004 मध्ये दक्षिण बेटावर, टॅरासजवळच्या बेंडिगो कुरणात, एक मेरिनो सापडला. सहा वर्षं तो कातरणीच्या हाका चुकवून गुहांमधून लपत राहिला होता. मेरिनोची लोकर आपोआप झडत नाही. माणसाने तेवढी सोय तिच्यात ठेवलेली नाही. त्यामुळे ती वाढत गेली, इतकी की प्राणी कुठला ते ओळखेना. त्याचं नाव ठेवलं श्रेक. दूरचित्रवाणीवर देशासमोर त्याची लोकर कातरली, ती 27 किलो भरली. पुढे तो पंतप्रधानांना भेटला, आणि 2011 पर्यंत जगला. त्याच डोंगरांत आमचे सातारकर एप्रिलात जातील. त्यांनी आल्यावर सविस्तर लिहायचं कबूल केलंय.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.