कुलदैवत परदेशात

मंडळी, हल्ली आपल्या नात्यागोत्यात क्रूझवर जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. लग्नाच्या पंगतीत पूर्वी मुलांच्या परीक्षांचे विषय निघत, आता व्हिसाचे निघतात. नियम समजायला तसा सोपा आहे. बोट परक्या बंदरात दिवसभर थांबली, तुम्ही गाव पाहून संध्याकाळी परत बोटीवर चढलात, तर बरेच देश थोडी सवलत देतात. पण प्रवास तिथेच संपवून, बॅगा घेऊन उतरणार असाल तर तो त्या देशातला रीतसर प्रवेश, आणि मग व्हिसा आलाच. २०१६च्या डिसेंबरात कोस्टा कंपनीची बोट मुंबईहून मालदीवला जाऊ लागली. मालेला उतरून विमानाने परतणाऱ्यांना त्रास पडला नाही, कारण मालदीव सरकार पोहोचल्यावरच व्हिसा देते.

हे सगळे ऐकताना मला मात्र वेगळेच बंदर आठवते. पणजी!

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण १९६१पर्यंत पणजी हे परदेशातले बंदर होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत खाली जायची. तिथवर सगळा आपला मुलूख. त्यापुढे पोर्तुगालचे राज्य! डेकवर वळकटी पसरून शेजारी शेजारी झोपलेल्या दोघांपैकी वेंगुर्ल्याला उतरणारा घरी पोहोचायचा आणि पणजीला उतरणारा दुसऱ्या देशात. बोट एक, समुद्र एक, पुष्कळदा आडनावही एक.

इंग्रजांच्या काळात या सरहद्दीचा फारसा जाच नव्हता. जकातीची तपासणी असे, पण माणसांची ये-जा सुरू असे. धोबीतलावला गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या गावोगावच्या 'कुडी' होत्या. बोटीवर नोकरी करणारे तरुण तिथे मुक्काम करीत. गिरगावात गोव्याच्या हिंदू कुटुंबांची दाट वस्ती होती, गोवा हिंदू असोसिएशन ही त्यांची संस्था १९१९ सालची. लालबाग-परळच्या गिरण्यांत सावंतवाडी-बांद्याकडचे कामगार होते, त्यांच्यातल्या कुणाची बहीण पेडण्याला दिलेली असायची. या सगळ्यांच्या दृष्टीने गोवा म्हणजे 'गाव' होते, देशबिश नव्हे.

१९४७ नंतर चित्र पालटले. भारत स्वतंत्र झाला, पण सालाझारचे सरकार गोवा सोडायला तयार नव्हते. जून १९५३मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४मध्ये गोव्यातून भारतात येणाऱ्यांवर व्हिसाचे निर्बंध आले. त्याच वर्षी गोदी कामगारांनी गोव्याच्या मालवाहतुकीवर बहिष्कार टाकला. म्हणजे गोव्याहून बोटीने निघालेल्या माणसाला आता मुंबई हेच परक्या देशातले बंदर झाले! ज्या शहरात त्याची नोकरी होती, खोली होती, बायकामुले होती, तिथे उतरायला परवानगी हवी.

पुढच्या वर्षी आणखी कठीण झाले. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला करनैलसिंग बेनिपाल पडले, ते पार पंजाबातून आले होते. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली, रेल्वे थांबली, १ सप्टेंबरला गोव्यातली वकिलातही बंद झाली.

आमच्या घराण्याचे कुलदैवत मंगेशीचे. मी तेव्हा सहा वर्षांचा. घरात कार्य निघाले की पहिली अक्षत कुलदैवताला, ही रीत. ती अक्षत पाठवायची कशी? आजी ती देव्हाऱ्यात ठेवी, पिवळ्या फडक्यात सव्वा रुपया बांधी आणि हात जोडून म्हणे, "रस्ता मोकळा झाला की येतो रे बाबा." अशा पुरचुंड्या साठत गेल्या. गिरगावातल्या किती देव्हाऱ्यांत तेव्हा अशा पुरचुंड्या असतील!

गंमत अशी, की या देवांनीही एकेकाळी सरहद्द ओलांडली होती. १५६०च्या सुमारास पोर्तुगिजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून नदीपलीकडे आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. अठराव्या शतकात पोर्तुगीज तिथेही पोहोचले आणि देव पुन्हा त्यांच्या राज्यात आले.

मी शिक्षक, त्यामुळे दोन्ही बाजू मांडायची खोड. निर्बंध चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. दुसरा मार्ग सालाझारने ठेवलाच नव्हता. पण त्याची झळ लिस्बनला कितपत लागली कोण जाणे. ती लागली बोटीतल्या खलाशाला, पेडण्याच्या बहिणीला, आमच्या आजीला. आणि ज्यांनी त्याहून मोठी किंमत दिली त्यांच्यात मोहन रानडे होते. तेही शिक्षकच. मराठी शिकवायला गोव्यात गेले, क्रांतिकारक झाले, १९५५मध्ये पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते १९६९च्या जानेवारीत. सरहद्द पुसली गेली तरी माणूस पलीकडेच राहू शकतो, तो असा.

१९६२च्या एप्रिलात आजी आम्हाला घेऊन निघाली. वेंगुर्ल्यापर्यंत बोट, पुढे बांद्याहून पत्रादेवीमार्गे मंगेशी. कुणी कागद मागितला नाही. देवळात तिने सगळ्या पुरचुंड्या एकेक करून सोडल्या. प्रत्येक वेळी कार्याचे नाव घेतले. सात होत्या.

आज परदेशी पर्यटकांना ई-व्हिसावर ज्या भारतीय बंदरांत उतरता येते, त्या यादीत मुंबई आणि मुरगाव दोन्ही आहेत. मुंबई-गोवा क्रूझला आपल्याला नुसते ओळखपत्र पुरते. भाचे मंडळींनो, ते दाखवताना दोन मिनिटे आजीची आठवण काढा. आणि तुमच्या घरी अशा पुरचुंड्यांच्या गोष्टी कुणी सांगत असेल, तर लिहून ठेवा. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.