हमिंग घालवणारे

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या घरांत रेडिओ यायचा तो बॅटऱ्यांचा लवाजमा घेऊनच. व्हॉल्व्हच्या फिलामेंटसाठी आम्लाने भरलेली ‘ए’ बॅटरी, प्लेटसाठी 45 किंवा 90 व्होल्टची ‘बी’ आणि बऱ्याच सेटमध्ये ग्रिडसाठी छोटी ‘सी’. ‘ए’ पुन्हापुन्हा चार्ज करावी लागे, तिचं आम्ल सांडलं की गालिचा जळे आणि ‘बी’ संपली की नवी विकत आणावी लागे. एवढा त्रास सोसल्यावर मिळायचा तो निव्वळ, सपाट डीसी. ही बॅटरीची शांतता भिंतीतल्या सॉकेटमधून कशी मिळवायची, या प्रश्नामागे इंजिनिअर आणि हौशी कारागीर जवळजवळ शंभर वर्षं लागले आहेत.

अ‍ॅम्प्लिफायर स्वतः वीज तयार करत नाही. पुरवठ्यातून आलेल्या विजेलाच तो गाण्याचा आकार देतो. म्हणून पुरवठ्यात जी खोट असेल ती गाण्यात उतरण्याची वाट शोधतेच.

1925 साली दोन मोठ्या घडामोडी झाल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एका तरुण कंपनीने हीलियम भरलेली, फिलामेंट नसलेली रेक्टिफायर नळी बाजारात आणली. नळीचं नाव रेथिऑन. कंपनीनेही तेच नाव घेतलं. या नळीमुळे ‘बी’ बॅटरीच्या जागी बसणारे एलिमिनेटर घरोघर पोचले. त्याच वर्षी टोरांटोत एडवर्ड रॉजर्स यांनी थेट एसीवर चालणारा बॅटरीविना रेडिओ विक्रीला काढला. 1927 मध्ये तिथे सुरू झालेल्या सीएफआरबी केंद्राच्या नावातलं ‘आरबी’ म्हणजे ‘रॉजर्स बॅटरीलेस’.

बॅटरी गेली आणि हमिंग आलं. 60 हर्ट्झची एसी पूर्ण रेक्टिफाय केली की 120 हर्ट्झचा चढउतार, म्हणजे रिपल, उरतो. आपल्याकडच्या 50 हर्ट्झमध्ये तो 100 हर्ट्झचा. कंडेन्सर आणि चोक लावून तो दाबता येतो, पण मेन्सचं व्होल्टेज वरखाली झालं किंवा अ‍ॅम्प्लिफायरने एकदम जास्त करंट ओढला की पुरवठा डुलतोच. त्यासाठी नुसता फिल्टर पुरत नाही. आउटपुट सतत मोजून लगेच दुरुस्त करणारी यंत्रणा लागते.

1939 साली हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट आणि आर. डब्ल्यू. हिकमन यांनी व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अशा स्टॅबिलायझरांवर एक सविस्तर शोधनिबंध लिहिला. हंट हे मूळचे ध्वनिशास्त्रज्ञ. त्याआधीच्याच वर्षी त्यांनी ग्रामोफोनच्या रेकॉर्डवरून येणाऱ्या आवाजातल्या विकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वीजपुरवठ्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस आवाजाच्या प्रांतातून यावा, हे या इतिहासाला शोभणारंच आहे.

अशा पुरवठ्यांत आउटपुट ज्याच्याशी ताडायचं ते संदर्भ-व्होल्टेज द्यायला वायूच्या नळ्या असत. 0ए2 ही त्यांतली बरीच वापरली गेलेली. आतला वायू जांभळट उजळतो आणि नळीवर सुमारे 150 व्होल्ट टिकून राहतात. खरखर कमी करावी म्हणून हौशी माणूस तिच्यावर मोठा कंडेन्सर जोडायला जातो आणि तिथेच फसतो. 0.1 मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर समांतर लावला की नळी विझते-पेटते आणि स्वतःच ऑसिलेटर बनते.

पुढे झेनर डायोड आला. पाच-सहा व्होल्टच्या वरचे झेनर ज्या हिमस्खलनासारख्या प्रक्रियेने चालतात, तिच्यात करंट मुळातच खरखरीत असतो. रिपल गेला, पण सळसळ उरली. 1970 च्या सुमारास नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी एलएम109 या तीन पायांच्या रेग्युलेटरात झेनरऐवजी बँडगॅप संदर्भ वापरला. 1976 मध्ये त्याच कंपनीत बॉब डॉबकिन यांनी एलएम317 घडवला. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो आजही सहज मिळतो.

317 चा संदर्भ 1.25 व्होल्टचा. आउटपुट 15 व्होल्ट हवं असेल तर तो संदर्भ बारा पट वाढवावा लागतो आणि त्याचा नॉइजही सोबत वाढतो. डेटाशीटमधल्या 0.003 टक्क्यांनी हिशेब केला तर 15 व्होल्टवर तो 450 मायक्रोव्होल्टच्या घरात जातो. अ‍ॅडजस्ट पायाला 10 मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर लावला की रिपल दाबण्याची क्षमता सुमारे 65 डेसिबलवरून 80 पर्यंत चढते, म्हणजे रिपल आणखी साडेपाच पट कमी. इतक्या कमी खर्चात एवढी सुधारणा देणारं दुसरं काही या सर्किटमध्ये नाही.

तरी रेकॉर्ड प्लेअरच्या प्रीअ‍ॅम्पला एवढंही पुरत नसे. कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्ट, आणि आरआयएए इक्वलायझेशन 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 100 हर्ट्झला आणखी 13 डेसिबल वर उचलतं. नेमकं तिथेच हमिंग बसलेलं! अमेरिकेतल्या ‘द ऑडिओ अमॅच्युअर’ या हौशींच्या नियतकालिकात 1980 साली मायकेल सुल्झर यांनी ऑप-अ‍ॅम्पवर आधारलेला कमी नॉइजचा रेग्युलेटर मांडला. 1995 मध्ये त्याच नियतकालिकात वॉल्ट जंग यांनी तो आणखी पुढे नेला. संदर्भाला आरसी फिल्टर लावला, चुका दुरुस्त करणाऱ्या ऑप-अ‍ॅम्पला रेग्युलेटरच्याच स्वच्छ आउटपुटवर चालवलं, आणि व्होल्टेज मोजणाऱ्या तारा वेगळ्या काढून थेट लोडपर्यंत नेल्या. सर्किट कारखान्यातलं नव्हतं. लोक ते घरी बसून सोल्डर करत होते.

आपल्याकडे ट्रान्झिस्टरच्या सेलचा खर्च वाचवणारा बॅटरी एलिमिनेटर मुलं हाताने बनवत, आणि 4440 आयसीच्या किटवर कित्येकांनी पहिला अ‍ॅम्प्लिफायर वाजवला. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा कंडेन्सर, झालं. आणि मग गाण्याखाली घूं आवाज. बहुतेकांनी दोष आयसीला दिला. पण फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये करंट संथपणे जात नाही. मेन्सच्या प्रत्येक शिखराला तो झटक्याने भरतो. प्रीअ‍ॅम्पचं ग्राउंड ब्रिज आणि कंडेन्सर यांच्यामधल्या तारेवर जोडलं, तर ते झटके थेट सिग्नलमध्ये शिरतात. तिथे सर्वोत्तम रेग्युलेटरही हतबल होतो. तीच तार कंडेन्सरच्या पुढे, रेग्युलेटर असेल तर त्याच्या आउटपुटच्या ग्राउंडला हलवली की घूं थांबतो.

2015 साली लिनिअर टेक्नॉलॉजीचा एलटी3042 हा रेग्युलेटर आला. डॉबकिन या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. यात संदर्भ करंटचा असतो आणि आउटपुट एका रेझिस्टरवर ठरतं, त्यामुळे व्होल्टेज वाढवलं तरी नॉइज वाढत नाही. 10 हर्ट्झ ते 100 किलोहर्ट्झमध्ये तो अवघा 0.8 मायक्रोव्होल्ट. अडचण आकाराची: चिप तीन मिलिमीटरच्या आसपास आणि पोटाखालचा पॅड साध्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला न पोचणारा. हौशी माणूस म्हणून तयार छोटा बोर्ड मागवतो आणि त्याच्या आधीचा पुरवठा मात्र अजून स्वतः, 317 वरच बांधतो.