समाजमाध्यमांवरील शेतीसल्ला

व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांवरून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणारा पीकविषयक सल्ला. या माध्यमांचे खरे बळ औषध सुचवण्यात नसून कीड वेळेत ओळखण्यात आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर आली. डोक्यावरची उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडे चौकोनात असलेले चार ठिपके मोबाइलच्या छायाचित्रातही दिसतात. मोठी झालेली अळी पोंग्यात दडून बसते व फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून ‘होय आम्ही शेतकरी’सारख्या गटांतून लवकर मिळणारी माहिती मोलाची ठरते.

चुकीचा सल्लाही तितक्याच वेगाने पसरतो, हा आक्षेप गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाबाबतची चूक जिवावर बेतते. परंतु दुकानदाराचा तोंडी सल्ला कोणीच तपासत नाही, गटातील चूक मात्र जाणकार चारचौघांत दुरुस्त करू शकतो. छायाचित्रावरून जमीन, पाणी किंवा आधीची फवारणी कळत नाही, हे खरेच. मुळशीतील माण गावच्या भातखाचराला मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीचा सल्ला लागू पडणार नाही. म्हणून औषधाची मात्रा कृषी विज्ञान केंद्र किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून पडताळूनच घ्यावी. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी किसान कॉल सेंटरची निःशुल्क दूरध्वनी सेवा २००४ पासून सुरू आहे.