वाराणसीची लोकसंख्या आणि काशीतील मराठी वस्ती

उत्तर प्रदेशातील वाराणसी हे गंगेच्या पश्चिम तीरावर वसलेले शहर असून काशी आणि बनारस या नावांनीही ते ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख, तर जिल्ह्याची सुमारे ३६ लाख ७७ हजार होती. शहरातील दहांपैकी सात रहिवासी हिंदू आणि जवळपास तीन मुस्लिम आहेत. जैन, शीख, ख्रिस्ती व बौद्ध यांचे प्रमाण अल्प आहे.

या आकड्यांवरून शहराची रचना पुरेशी कळत नाही. काशीची वस्ती धर्मापेक्षाही मोहल्ल्यांनी ओळखली जाते. मदनपुरा, अलईपुरा व जैतपुरा येथे रेशमी वस्त्र विणणारे अन्सारी विणकर राहतात. घाटांलगत निषाद अर्थात मल्लाहांची घरे आहेत. बंगालीटोला हे नावच तेथील रहिवाशांचे मूळ सांगते. हनुमान घाट व केदार घाटाच्या परिसरात तमिळ व तेलुगु कुटुंबे, ललिता घाटावर नेपाळी मंदिर आणि चौखंबा भागात गुजराती वैष्णव अशी ही मांडणी आहे. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांनी तरुणपणीची काही वर्षे हनुमान घाटावरच काढली होती. शहराच्या दक्षिण टोकाला सीर गोवर्धनपूर हे संत रविदासांचे जन्मस्थान मानले जाते. तेथे दरवर्षी माघ पौर्णिमेला पंजाबातून फार मोठ्या संख्येने अनुयायी येतात. वीरशैवांचा जंगमवाडी मठ महाराष्ट्र व कर्नाटकातील लिंगायत समाजाशी या शहराला जोडतो.

मराठी वस्ती प्रामुख्याने शहराच्या उत्तरेकडील जुन्या भागात, पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, बीबी हटिया आणि रतन फाटक या परिसरात आहे. तिचा इतिहास किमान ५०० वर्षांचा आहे.

पैठणहून काशीला

पैठणचे रामेश्वरभट्ट १५२२ च्या सुमारास काशीत येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी काशी, प्रयाग व गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विश्वनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणात तोडरमल यांच्याबरोबर त्यांचा पुढाकार होता, अशी परंपरा आहे. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. एकादशी आज धरावी की उद्या, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील पंचांगकर्ते अजूनही याच ग्रंथात शोधतात. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे कमलाकरभट्टांचे पुतणे होत. गागाभट्ट ‘काशीहून आले’ असे शालेय पुस्तकात वाचणाऱ्यांना ते मूळचे पैठणच्या घराण्यातील होते, हे बहुधा ठाऊक नसते. संत एकनाथ हेही पैठणचेच. त्यांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण केले.

त्या काळी काशीतील विद्वानांची गणना पंचगौड व पंचद्रविड अशा दोन विभागांत केली जात असे. या विभागणीनुसार महाराष्ट्रीय व गुर्जर ब्राह्मण तेलंग, कर्नाट आणि द्रविडांच्या पंक्तीत बसतात. आजच्या वांशिक किंवा भाषिक वर्गीकरणाशी तिचा मेळ बसत नाही; पण काशीतील व्यवहारासाठी ती खरी होती. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाशी सोयरीक करावी, याचे निवाडे त्यावर अवलंबून असत. असे निवाडे दूरच्या कोकणातूनही मागितले जात. देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद उभा राहिला तेव्हा १६५७ मध्ये विश्वनाथ मंदिराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली आणि तिने निर्णयपत्र दिले. गावाकडच्या जातीचा प्रश्न काशीत सुटत असे, तो तेथील मराठी पंडितांच्या अधिकारामुळे.

पेशव्यांचा पैसा

अठराव्या शतकात या वस्तीला राजाश्रय मिळाला. काशी मराठी राज्यात कधीच समाविष्ट झाली नाही. ती अवधच्या नबाबाकडे आणि १७७५ नंतर इंग्रजांकडे होती. तथापि मराठी सरदारांचा पैसा येथे सातत्याने येत राहिला. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गाघाट व ब्रह्माघाट बांधून घेतले आणि त्यांच्या आधाराने मराठी ब्राह्मणांची घरे वसली. दीक्षितांच्या नावाची गल्ली आजही आहे. अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये सध्याचे विश्वनाथ मंदिर उभारले. बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी, तर भोसले घाट नागपूरकरांनी बांधला. बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप उभा केला.

या बांधकामांमागे माणसांची मोठी साखळी होती. घाटाला पुजारी हवे असत, अन्नछत्राला आचारी व कारकून, पाठशाळेला अध्यापक आणि येणाऱ्या यात्रेकरूंना मराठीत बोलणारा उपाध्याय. काशीवासासाठी आलेल्या वृद्धांची आणि विधवांची संख्याही लक्षणीय होती. सत्तेवरून दूर झालेल्यांनाही काशी हा आसरा वाटे. अमृतराव पेशवे यांनी निवृत्तिवेतन स्वीकारल्यानंतर काशीत वास्तव्य व बांधकामे केली. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा येथेच राहत. त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका, म्हणजेच झाशीची राणी लक्ष्मीबाई, हिचा जन्म काशीत झाला. तिच्या जन्मवर्षाबाबत मतभेद असले तरी जन्मस्थानाबाबत नाहीत. भदैनी येथे तिचे स्मारक आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हा ओघ आटला. नव्या पिढीने संस्कृत महाविद्यालय, शाळा आणि छापखान्यांकडे मोर्चा वळवला. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत महाविद्यालयात गणित व ज्योतिषाचे अध्यापन करणारे बापूदेव शास्त्री (१८२१-१९००) हे या वर्गाचे ठळक प्रतिनिधी होत. त्यानंतरचे नाव बाबूराव विष्णु पराडकर यांचे. १८८३ मध्ये काशीत जन्मलेले पराडकर १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक होते. हिंदी पत्रकारितेची भाषा घडवणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिले आणि भाच्याने ते हिंदीत आणले. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा मात्र ज्या प्रांतात राहिले त्या प्रांताची, असा हा प्रवास आहे.

मोजणीचा प्रश्न

काशीची पहिली विश्वसनीय शिरगणती टांकसाळीचे अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८२८-२९ मध्ये केली. त्यापूर्वी शहराची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक असल्याचे सांगितले जात होते. प्रिन्सेप यांच्या मोजणीत ती १ लाख ८० हजारांच्या आसपास भरली. लोकसंख्येच्या दंतकथा किती फुगलेल्या असतात, याचा हा उत्तम नमुना म्हणता येईल.

आजच्या जनगणनेत वंश विचारला जात नाही. धर्म आणि अनुसूचित जाती-जमाती यांची नोंद होते. सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१ च्या जनगणनेची. त्यामुळे ‘काशीत मराठी किती’ या प्रश्नाचे उत्तर केवळ मातृभाषेच्या रकान्यातून शोधावे लागते. जनगणनेच्या व्याख्येनुसार, बालपणी आई जी भाषा मुलाशी बोलत असे ती त्याची मातृभाषा.

नेमकी येथेच अडचण आहे. पाच-दहा पिढ्या काशीत राहिलेल्या घरात मुलाशी हिंदीत किंवा बनारसी बोलीत बोलले जात असेल, तर त्याची नोंद हिंदी भाषक म्हणून होते. अशा बोली हिंदीतच समाविष्ट केल्या जातात. आडनाव, कुलदैवत, पुरणपोळी आणि घरचा गणपती कायम असला तरी रकान्यातून ते कुटुंब नाहीसे होते. ही नोंद चुकीची म्हणता येणार नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तरच आहे.

दुसरीकडे, अलीकडच्या काळात आलेली एक मराठी वस्ती या रकान्यात ठळक दिसू शकते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी अनेक कुटुंबे देशभरातील सराफ बाजारांत गेली. त्यांना गलाई व्यावसायिक म्हणतात. वाराणसीच्या सराफ्यातही ही मंडळी आहेत. त्यांचे गावाशी येणे-जाणे, शेती व सोयरसंबंध टिकून असल्याने घरात मराठीच बोलली जाते. दुर्गाघाटचा वैदिक आणि सराफ्यातील गलाईवाला यांची जात, मूळ प्रदेश, काशीत येण्याचे कारण आणि मराठीचा हेलही वेगळा. जनगणना मात्र त्यांना एक तर एकाच आकड्यात घालते किंवा जुन्याला वगळून फक्त नव्याला मोजते.

दोघांची गाठ पडते ती भाद्रपदात. ब्रह्माघाट परिसरातील सार्वजनिक गणेशोत्सवाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असून सराफ्यातील मराठी मंडळींचेही स्वतंत्र उत्सव होतात. जुन्या वस्तीची वेदविद्येची परंपराही खंडित झालेली नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या विधीचे प्रमुख आचार्य काशीचे पंडित लक्ष्मीकांत दीक्षित होते. त्यांचे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे.

आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित करण्यात आली आहे. उत्तर प्रदेशात प्रगणक दारी येईल तेव्हा जातीच्या रकान्यात केवळ ‘ब्राह्मण’ लिहायचे की देशस्थ, कऱ्हाडे, चित्पावन असे सांगायचे, आणि मातृभाषेपुढे मराठी नोंदवायची की हिंदी, हे दुर्गाघाटावरील प्रत्येक कुटुंबाला स्वतःच ठरवावे लागणार आहे.